सदर महिला स्वेच्छेने

प्रिय भिंगरी,

पाकीट जाड लागलं म्हणून घाबरू नकोस, माझी तब्येत ठणठणीत आहे. हे सगळं फोनवर सांगायला मी चार वेळा सुरुवात केली आणि चारही वेळा हवापाण्यावर घसरले. तू तिकडून ‘मावशी, पेशंट खुर्चीत बसलाय, पटकन बोल’ म्हणतेस आणि मी ‘जेवलीस का’ विचारून फोन ठेवते. शिवाय या विषयावर घरात बोलायचं नाही असं तू वयाच्या बाराव्या वर्षीच मला बजावलं होतंस, आणि मी तेव्हा सुटकेचा निःश्वास टाकून ते मानलं होतं. म्हणून हे पत्र. दवाखान्यात वाचू नकोस. घरी जा, दार लाव, आणि बसून वाच.

मागच्या खेपेला तू आणि तुझा होणारा नवरा लग्नाच्या नोंदणीचा अर्ज माझ्या शिवणाच्या टेबलावर भरत बसला होतात. आईच्या नावाच्या रकान्यात तू आडवी रेघ मारलीस. तो बिचारा म्हणाला, ‘अगं, नाव तर लिही.’ त्यावर तू मान वर न करता म्हणालीस, ‘जी बाई आपल्या मर्जीने निघून गेली, तिचं नाव मी का मिरवू?’ माझ्या तोंडात टाचण्या होत्या, म्हणून मी गप्प राहिले असं तुला वाटलं असेल. टाचण्या काढायला किती वेळ लागतो? मी गप्प राहिले, कारण ते वाक्य तुझं नव्हतंच. ते एका सरकारी कागदावरचं वाक्य होतं. एकोणीस वर्षं ते तुझ्या पोटात राहिलं आणि आता तुझ्या तोंडून बाहेर पडत होतं. तुम्ही गेल्यावर मी हातातला ब्लाउज बाजूला टाकला आणि त्याच आठवड्यात ताईची, म्हणजे तुझ्या आईची, पोलिसांकडची फाइल बघायला मिळावी म्हणून अर्ज केला.

पहिला अर्ज हरवला. दुसरा ‘विहित नमुन्यात नाही’ म्हणून परत आला. तिसरा मंजूर झाला. जुन्या बंद प्रकरणांची कागदपत्रं नातेवाइकांना बघता येतील असा नवीन नियम आला आहे म्हणे. जुन्या फायली तळघरात असतात. तिथला कारकून भला माणूस होता, पण टेबलावर डबा उघडून जेवता जेवता त्याने फाइल माझ्याकडे सरकवली आणि बोटांना लागलेलं तेल तिच्याच पाठीला पुसलं. त्याला काहीच वाटलं नाही. माझी बहीण त्या पुठ्ठ्यात होती गं. कागदांना दमट, आंबूस वास येत होता, फडकं भिजलेलं राहून गेलं की येतो तसला. घरी आल्यावर मी तीन वेळा हात धुतले, तरी जेवताना घास तोंडाजवळ नेला की तो वास यायचा. तीन दिवस मी तिथे बसले. फक्त पेन्सिल न्यायची परवानगी होती. जे आहे ते शब्दाला शब्द उतरवून आणलं आहे.

अहवाल अडीच पानांचा आहे. एका माणसाच्या नाहीशा होण्याला अडीच पानं! मी साध्या कोटाचं माप याहून सविस्तर लिहिते. त्यात म्हटलं आहे की सदर महिला, वय बत्तीस, विधवा, भिंगांच्या कारखान्यात तपासनीस, ही त्या दिवशी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांच्या बसने गाव सोडून गेली. बसस्थानकाच्या खिडकीवरच्या तिकीटवाल्याने तिला पाहिलं. अंगात निळा कोट, रुंद कॉलर, मोठी बटणं, हातात बॅग. पुढे हे वाक्य: ‘पतीच्या निधनानंतर सदर महिला एकाकी होती व तिचे अन्यत्र संबंध असण्याची शक्यता नाकारता येत नाही.’ आणि शेवटी: ‘सदर महिला स्वेच्छेने निघून गेल्याचे निष्पन्न होत असल्याने प्रकरण दप्तरी दाखल करण्यात येत आहे.’ खाली सही, शिक्का, तारीख. ताई गेल्यापासून बरोबर अकरा आठवड्यांनी.

‘शक्यता नाकारता येत नाही.’ हे वाचून मी उठून बाहेर नळावर गेले. कुणाचं नाव नाही, पुरावा नाही, कुणाला विचारलेलं नाही. नवरा मेलेली बाई आहे ना, मग असेलच काहीतरी! तपास करणारे साहेब आपल्या घरी आले होते ते तुला आठवत नसेल. पेनाच्या टोपणाने कान कोरत त्यांनी मला विचारलं होतं, ‘कुणी होतं का हो तिचं? आम्हाला सांगायला हरकत नाही.’ मग टोपणाकडे बघितलं आणि ते पुन्हा पेनाला लावलं. तेच पेन नंतर त्यांनी मला दिलं. पण ते पुढे सांगते.

आधी त्या सकाळी खरं काय झालं ते ऐक. थंडीचे दिवस होते, धुकं इतकं की समोरच्या घराचा जिना दिसत नव्हता. ताईची पाळी आठची. ती साडेसातला निघायची आणि कालव्याच्या काठच्या पायवाटेने जायची, कारण रस्त्याने गेलं तर वीस मिनिटं जास्त लागायची आणि तुझी आई लवकर उठण्याच्या बाबतीत महाआळशी होती. तिच्याकडे एकच कोट होता, निळा, आणि तो त्या दिवशी माझ्याकडे होता. आतलं अस्तर फाटलं होतं, ते बदलायला मी घेतलं होतं. शनिवारी देते म्हणाले होते. एका नवरीचे कपडे मध्ये आले आणि राहून गेलं. त्या सकाळी तो कोट माझ्या टेबलावर उलटा पसरलेला होता, अस्तर पूर्ण उसवलेलं, एक बाही वेगळी. ती मला म्हणाली, ‘तुझ्या भरवशावर राहिले तर मी उन्हाळ्यात कोट घालीन.’ आणि माझा राखाडी स्वेटर डोक्यातून घालून गेली. तो तिला आखूड होत होता, मनगटं उघडी राहायची.

म्हणजे तिकीटवाल्याने जो कोट पाहिला तो त्या वेळी माझ्या टेबलावर उसवलेला पडला होता. मग त्याला कॉलर आणि बटणं दिसली कुठून? फाइलला ताईचा फोटो लावलेला आहे. आपणच दिलेला. कारखान्याच्या सहलीतला, ज्यात ती डोळे बारीक करून हसते आहे. त्या फोटोत तिच्या अंगात निळा कोट आहे.

तरी मी म्हटलं, उगाच कुणावर आळ नको. मी तिकीटवाल्याला शोधून काढलं. आता म्हातारा झाला आहे, मुलीकडे राहतो, एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं. मला वाटलं होतं मी त्याच्यावर ओरडेन, पण त्याने मला खुर्ची दिली, चहा विचारला. मी विचारलं, ‘तुम्ही तिला खरंच पाहिलं होतं?’ तो खूप वेळ चष्मा पुसत राहिला. म्हणाला, ‘बाई, खिडकी एवढीशी असते. मला हात दिसतात, सुटे दिसतात. तोंडं बघायला वेळ कुणाला? साहेब फोटो घेऊन आले. म्हणाले, ही गेली ना नऊ दहाला? मी म्हटलं, असेल. ते म्हणाले, असेल नको, हो म्हण. मी हो म्हटलं. मागे रांग लागली होती.’ मग त्याने मला विचारलं, ‘ती सापडली ना पुढे?’ एकोणीस वर्षं तो माणूस समजत होता की ती सापडली असेल. त्याच्या त्या ‘हो’वर काय उभं राहिलं हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मी चहा तसाच ठेवून उठले.

आता कालवा. त्या पायवाटेवर पाण्याच्या दरवाजाजवळ लोखंडी कठडा दोन महिने तुटलेला होता, नुसती दोरी बांधली होती. गल्लीतल्या तिघांनी तक्रारी दिल्या होत्या, त्याही फाइलमध्ये आहेत. ताई कारखान्यात पोचलीच नाही, तिथल्या हजेरीपुस्तकात तिच्या नावापुढे लाल फुली आहे. घरातून निघालेला माणूस धुक्यात कालव्याच्या काठाने चालतो आणि पलीकडे पोचत नाही, तर पहिल्यांदा कुठे बघायचं हे कुणालाही कळेल. त्यांनाही कळलं होतं! पाचव्या दिवशीचं एक पत्र फाइलमध्ये आहे, कालव्याच्या खात्याला लिहिलेलं: ‘तपासकामी दोन दिवस पाणी बंद ठेवावे.’ टाइप केलेलं, खाली सही केलेली. फक्त जावक क्रमांकाची जागा कोरी. म्हणजे पत्र गेलंच नाही. मी कारकुनाला दाखवलं. त्याने डबा बंद केला, चष्मा कपाळावर चढवला, पान उलटसुलट केलं आणि म्हणाला, ‘राहून गेलं असेल. पाणी बंद केलं की खालचे कारखानेवाले बोंब मारतात ना.’ नंतर माझ्या चेहऱ्याकडे बघून हळूच म्हणाला, ‘सॉरी ताई.’

इतकी वर्षं मला वाटायचं की यामागे काहीतरी असेल. कुणी बडा माणूस, कुणाला वाचवायचं असेल, कुणी दाबलं असेल. फाइल वाचल्यावर कळलं की तसलं काही नव्हतं. कारस्थान असतं तर निदान कुणीतरी मेहनत घेतली असती. इथे मेहनतच नव्हती. एकाने पत्र पाठवायचा कंटाळा केला, दुसऱ्याने रांग लागली म्हणून हो म्हटलं, तिसऱ्याला महिनाअखेर प्रकरणं निकालात काढायची होती. आणि या सगळ्यांच्या वेळ मारून नेण्यातून एक बाई तयार झाली, निळा कोट घालून बॅग घेऊन मुलीला टाकून जाणारी. ती बाई कधी अस्तित्वातच नव्हती. तू आयुष्यभर तिचा राग केलास.

इथे थांबले असते तर पत्र संपलं असतं आणि मी छान सुटले असते. सगळी घाण त्यांच्या अंगावर आणि मी स्वच्छ. दोन दिवस मी हे पत्र इथपर्यंतच लिहून ठेवलं होतं.

फाइलमध्ये माझा जबाब आहे. दोन प्रती आहेत. एक हवालदाराने माझ्यासमोर हाताने लिहिलेली. त्यात ‘अंगात राखाडी स्वेटर’ असं लिहिलेलं आहे, आणि ते शब्द काट मारून वर दुसऱ्या अक्षरात लिहिलं आहे, ‘निळा कोट’. दुसरी प्रत टाइप केलेली. त्यात स्वेटरच नाही. त्यात असं वाक्य आहे: ‘कपाट पाहता तिचा निळा कोट कपाटात आढळून येत नाही.’ बघ किती हुशारीचं वाक्य आहे. एक अक्षर खोटं नाही. कोट कपाटात नव्हताच, माझ्या टेबलावर होता. खाली माझी सही आहे. मोठी, वळणदार. न वाचता केलेली नाही, भिंगरी. मी वाचून केली आहे.

सहीच्या दिवशी साहेबांनी मला आणि तुझ्या आजोबांना ठाण्यात समोर बसवलं होतं. मी म्हटलं, ‘साहेब, कोट तर माझ्याकडे आहे.’ ते चिडले नाहीत. उलट फार मऊ आवाजात म्हणाले, ‘हे बघा, मी तुमच्या भल्यासाठी सांगतो. स्वेटर लिहिला तर मला पाण्यात शोधावं लागेल, आणि पाण्यात काय सापडतं हे तुम्हाला माहीत आहे. कोट लिहिला तर ती बसने गेली. म्हणजे कुठेतरी आहे. आज ना उद्या येईल. काय लिहू?’ आणि ते पेन माझ्यापुढे धरलं. मी आजोबांकडे बघितलं. तुझे आजोबा जन्मभर गणित शिकवत आलेले. उत्तर बरोबर असलं तरी मधली एक पायरी गाळली म्हणून मुलांचे गुण कापणारे. ते खिडकीकडे बघत म्हणाले, ‘सही कर. ती जिवंत आहे.’ मी सही केली. बाहेर आल्यावर ते म्हणाले, ‘पोर रागीट आहे, येईल परत.’ तुझी आई रागीट नव्हती. आम्ही दोघांनी त्या पायरीवर उभं राहून तिला रागीट केली.

समजतंय ना मी काय सांगते आहे? आम्हाला ती जिवंत हवी होती. आणि ती जिवंत राहायची तर ती तुला टाकून गेलेली असायला हवी होती. दुसरी वाटच नव्हती. आजोबांना मुलगी राहिली, मला बहीण राहिली, आणि त्याची भरपाई आम्ही एका सहा वर्षांच्या पोरीकडून करून घेतली. तू खिडकीत बसून बसचा आवाज ऐकायचीस तेव्हा मी शिवणाचं मशीन जोरात चालवायचे. शाळेत तुला कुणी टाकलेली म्हणालं आणि तू त्या मुलीचा दात पाडलास, तेव्हा मी शाळेत जाऊन माफी मागून आले. तिला खरं सांगून आले नाही. तू बाराव्या वर्षी आईचा फोटो फ्रेममधून काढलास, घडी घातलीस आणि रद्दीत टाकलास. मी तो उचलला, पण तुला थांबवलं नाही. साहेबांची मला शिसारी येते, खरंच येते, त्यांचं ते टोपण आठवलं की अजून अंगावर काटा येतो. पण ते आपल्या घरात अर्धा तास होते. मी एकोणीस वर्षं होते. आरशासमोर दात घासताना हल्ली मी डोळे मिटून घेते.

आजोबांनी शेवटच्या आजारात मला एकदाच विचारलं, ‘पाणी बंद केलं होतं का गं त्यांनी?’ मी म्हटलं, ‘हो बाबा, बघितलं होतं, काही सापडलं नाही.’ तेही खोटंच. ते शांत झोपले. त्यांच्याशी खोटं बोलल्याचं मला वाईट वाटत नाही. तुझ्याशी बोलल्याचं वाटतं, आणि वाईट हा शब्द त्याला पुरत नाही.

आता हे सगळं आत्ताच का लिहिते आहे ते सांगते. गेल्या सोमवारी मी नव्याने जबाब दिला. माझा पहिला जबाब खोटा होता आणि मी त्यावर जाणूनबुजून सही केली, असं लिहून दिलं. माझ्यावर काय कारवाई व्हायची ती होवो. जुनी प्रकरणं बघणारी एक तरुण बाई आहे तिथे, तिने मन लावून ऐकलं आणि कालव्याच्या खालच्या अंगाच्या सगळ्या ठाण्यांतली जुनी नोंदवही मागवली. ताई गेल्यानंतर पाच महिन्यांनी कालव्यातला गाळ काढताना चौदा मैलांवर एक स्त्री सापडली होती. ‘अनोळखी, वय तीस ते चाळीस, अंगावर राखाडी लोकरी कापडाचे अवशेष.’ आपलं प्रकरण तोवर बंद झालेलं, त्यामुळे कुणी जुळवून बघितलं नाही. राखाडी लोकर जगात पुष्कळ असते, हे मला ती बाई बोलण्याआधीच माहीत होतं. पण तिथल्या इस्पितळाने हाडाचा नमुना ठेवला आहे. बहिणीचं रक्त चालतं, मुलीचं जास्त पक्कं असतं, असं ती म्हणाली. येत्या आठ-दहा दिवसांत तुला त्यांची नोटीस येईल. ती तुझ्या हातात पडण्याआधी हे तुला माझ्याकडून कळावं म्हणून हे पत्र. यायचं की नाही, हे तू ठरव. माझ्याशी बोलायचं की नाही, हेही. फक्त एक गोष्ट मी त्या जबाबात पहिल्यांदा सांगितली, आणि तुला कधीच सांगितली नाही, कारण ती आमच्या गोष्टीत बसत नव्हती. त्या सकाळी तुझी आई उंबऱ्यापर्यंत गेली, परत आली, आणि माझ्या कानाशी वाकून म्हणाली, ‘आज हिची वेणी घट्ट घालू नकोस. संध्याकाळी मी हिचे केस धुणार आहे.’

तुझीच, अजून तशी म्हणू दिलीस तर,
मावशी